'लोभ असावा' आणि एक जर्मन क्रियापद



पंधरा-वीस वर्षांपूर्वीं जर्मन भाषेचा विषय आमच्या भीमाकांठीं कोणी काढला असता, तर पुण्याकडील हौशी मंडळींचा छंद म्हणून लोकांनीं तो हंसून सोडून दिला असता. आतां तसें राहिलेलें नाहीं. इ. स. २०२४ च्या फेब्रुवारी महिन्यांत महाराष्ट्र शासनानें जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशीं कुशल मनुष्यबळ पाठविण्याविषयीं करार केला, आणि तेव्हांपासून परिचारिका, वीजतंत्री किंवा वाहनचालक होऊं पाहणाऱ्या मुलामुलींचे आईबाप भिगवणच्या बाजारांत भेटले तरी "गुरुजी, जर्मन शिकायला किती दिवस लागतात?" असें विचारतात. दिवसांचा हिशेब ज्याच्या त्याच्या कष्टांवर आहे. परंतु त्या भाषेच्या अगदीं आरंभींच्या पाठांत जें एक क्रियापद भेटतें, त्याचें कूळ आपल्या आजोबांच्या पत्रांतील शेवटच्या ओळींत सांपडतें, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तिजविषयीं चार शब्द लिहावे असा आमचा विचार आहे. आणि लिहितां लिहितां एक गाऱ्हाणेंही आम्हांस वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

तें क्रियापद 'लीबेन'. अर्थ प्रेम करणें. तें सरळ चालतें, कोठें अडत नाहीं, म्हणून नवशिक्यांस तें लवकर देतात: इख लीबे, दू लीब्स्ट, एर लीब्ट, मी प्रेम करतों, तूं करतोस, तो करतो. इंग्रजींतील 'लव्ह' हें त्याचें सख्खें भावंड आहे, हें वरच्या वर्गांतील मुलगाही ओळखील. रशियन लोकांचें 'ल्यूबित्' म्हणजे प्रेम करणें, आणि जुन्या रोमन लोकांचें 'लुबेत्' म्हणजे आवडतें, रुचतें, हीं त्याच कुळांतलीं. परंतु या घराण्याची जी शाखा आपल्याकडे आहे, ती ऐकून मुलें प्रथम विश्वास ठेवीत नाहींत. ती शाखा म्हणजे संस्कृत 'लुभ्' हा धातु. आणि त्यापासून झालेला आपला शब्द 'लोभ'.

प्रेम आणि लोभ एका घरचे! एकाला सगळे पूजितात, दुसऱ्याची गणना षड्रिपूंत होते. मग हें नातें जुळलें कसें?

येथें एक गैरसमज आधींच दूर केला पाहिजे. जर्मन शब्द संस्कृत शब्दासारखा दिसला कीं, आपल्यापैकीं पुष्कळांची छाती फुगते आणि "सगळ्या भाषा आमच्या संस्कृतांतूनच निघाल्या" असा निकाल देऊन ते मोकळे होतात. तो निकाल खरा नाहीं. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढें बोलतांना सुचविलें तें असें कीं, संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा अशा एका मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात कीं जी आतां कदाचित् कोठेंच उरलेली नाहीं. आणि जर्मन घराण्यासही त्यांनीं त्याच गोतांत बसविलें. पुढें फ्रान्ट्स बॉप या जर्मन पंडितानें १८१६ सालीं संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी व जर्मन यांचीं क्रियापदें कशीं चालतात तें शेजारीं शेजारीं मांडून हें नातें पद्धतशीर दाखविलें. म्हणजे संस्कृत ही जर्मनची आई नव्हे, मोठी बहीण म्हणा फार तर. बहिणी म्हटल्या कीं चेहरेपट्टींत सारखेपणा यावयाचा, आणि तो नियमानें येतो. मूळच्या 'भ' या ध्वनीच्या जागीं संस्कृतांत 'भ' राहिला, जर्मन कुळांत 'ब' झाला. म्हणून आपला भ्रातृ तेथें 'ब्रूडर' झाला, इंग्रजींत 'ब्रदर' झाला. आणि म्हणूनच आपल्या 'लुभ्'समोर त्यांचें 'लीब' उभें राहतें. नुसत्या दिसण्यावरून सोयरीक जुळवीत बसणें हा पोरखेळ होय. असा नियम सांपडला तरच ती सोयरीक खरी.

या विद्येचा आणि आपल्या पुण्याचा जुना ऋणानुबंध आहे. ज्या व्युर्टेंबर्ग प्रांतीं आतां आपलीं मुलें जावयाचीं म्हणतात, त्याच प्रांतांत जन्मलेले मार्टिन हौग १८५९ सालीं पुण्यास संस्कृताच्या अध्यापनाचे प्रमुख म्हणून आले व १८६६ पर्यंत राहिले. त्यांच्यामागून आलेले कीलहॉर्न डेक्कन कॉलेजांत संस्कृत व्याकरण शिकवीत. आणि १८७७ सालीं डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं संस्कृत व तिजपासून निघालेल्या भाषांवर जीं व्याख्यानें दिलीं, तीं मुंबईचे मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या नांवें ठेवलेल्या व्याख्यानमालेंतलीं होतीं. तेव्हां जर्मन धातूची चौकशी करणें हा आपल्या मुलखांत नवा उद्योग नव्हे. शेंदीडशें वर्षांपूर्वीं तिकडचा मनुष्य आपली भाषा शिकावयास व शिकवावयास इकडे आला. आतां आपण तिकडे जावयास निघालों.

आतां मूळ विषयाकडे. जर्मन भाषेंत या एका मुळाला किती डहाळ्या फुटल्या तें पाहण्याजोगें आहे. 'लीब' म्हणजे प्रिय. त्यावरून 'लीबेन'. 'लोबेन' म्हणजे स्तुति करणें, कारण जें आवडतें त्याचीच मनुष्य वाखाणणी करतो. 'फेरलोबेन' म्हणजे वाङ्निश्चय करणें. 'ग्लाउबेन' म्हणजे विश्वास ठेवणें, इंग्रजींतील 'बिलीव्ह'. मुळांत एखाद्यास आपला मानणें, प्रिय मानणें, आणि मग त्याच्या शब्दावर भिस्त ठेवणें. आणि 'एरलाउबेन' म्हणजे परवानगी देणें. त्याचेंच नाम 'उरलाउब', ज्याचा अर्थ आज सुटी, रजा. आमच्या मुलांस या ठिकाणीं हंसूं येईल, कारण वर्गशिक्षकांकडे ते ज्या 'लीव्ह'चा अर्ज आणतात, तो इंग्रजी शब्दही याच गोतांतला आहे. कोणाच्या मर्जीस आलें म्हणजे तो परवानगी देतो. परवानगी मिळाली म्हणजे काम सुटतें. गंमत अशी कीं, आपला 'रजा' हा शब्द अरबींतून आला, त्या भाषेचें या कुळाशीं कांहीं एक नातें नाहीं, तरी त्याचाही मूळ अर्थ खुशी, संमति असाच आहे; 'राजी' हा त्याचाच भाऊ. राजी झाले, रजा मिळाली. मनुष्याचें मन सगळीकडे एकाच पायवाटेनें चालतें असें कधीं कधीं वाटतें.

योहानकृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायांतील सोळावें वचन आपल्या शाळेंतील पुष्कळांस पाठ आहे. मार्टिन लूथर यांचें नव्या कराराचें जर्मन भाषांतर १५२२ सालीं छापून निघालें, त्यांत या एकाच वाक्यांत 'लीबेन' आणि 'ग्लाउबेन' हीं दोन्ही क्रियापदें आलीं आहेत. देवाचें प्रेम आणि माणसाचा विश्वास हीं त्या भाषेंत एका मुळाचीं फळें ठरलीं. आपल्या मराठी शास्त्रांत मात्र त्या जागीं 'प्रीति' आणि 'विश्वास' असे दोन निराळ्या घरचे शब्द आहेत, व 'लोभ' हा शब्द द्रव्याच्या हांवेकरितां राखून ठेवला आहे. भाषांतरकर्त्यांनीं तें योग्यच केलें. देवानें जगाचा लोभ केला असें लिहिलें असतें, तर वाचणारा दचकलाच असता. आपल्या लोहमार्गावर दौंडच्या पलीकडे, पुण्याच्या बाजूस, केडगांव लागतें. तेथें पंडिता रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकून एकट्या आपल्या बळावर सगळें शास्त्र मराठींत आणीत होत्या. १९२२ सालीं त्या वारल्या व १९२४ सालीं त्यांचें भाषांतर प्रसिद्ध झालें. एकेका शब्दापाशीं असें थांबून राहावें लागतें, हें ज्यास कळत नाहीं त्यानें भाषांतराच्या वाटेस जाऊं नये.

'प्रीति'विषयीं एक गोष्ट येथेंच सांगून ठेवतों, ती पुढें उपयोगीं पडेल. संस्कृत 'प्री' या धातूचीही जर्मन भाषेंत शाखा आहे, आणि ती म्हणजे 'फ्रॉइंड', इंग्रजींत 'फ्रेंड', मित्र. येथें 'प'चा 'फ' झाला. पितृचा 'फाटर' झाला तसा.

आणखी एक शब्द सांगितल्याखेरीज पुढें जातां येत नाहीं. जर्मन लोकांचें प्रेमवाचक क्रियापद सर्वकाळ 'लीबेन' हेंच नव्हतें. सातआठशें वर्षांपूर्वींच्या त्यांच्या काव्यांत 'मिन्नेन' हें क्रियापद मानाच्या जागीं बसलेलें होतें. तें संस्कृत 'मन्' धातूच्या कुळांतलें. आपले 'मन', 'मानणें' हे शब्द त्याचे नातलग. स्मरण ठेवणें, मनांत बाळगणें, यावरून प्रेम करणें. किती सुंदर शब्द! परंतु लोकांनीं तो हळूहळू केवळ देहाच्या वासनेकरितां वापरण्यास आरंभ केला, सभ्य माणसांना तो उच्चारण्याची लाज वाटूं लागली, आणि मध्ययुग संपतां संपतां तो व्यवहारांतून उठला. त्याच्या रिकाम्या जागेवर 'लीबेन' येऊन बसलें. आज 'मिन्ने' हा शब्द जर्मन मुलें जुन्या काव्याच्या तासालाच ऐकतात. शब्द असा मरतो. त्यास कोणी मारीत नाहीं. चांगल्या अर्थीं वापरणारा कोणी उरत नाहीं, इतकेंच.

संस्कृतांत 'लुभ्' धातूचें नशीब निराळें. वैयाकरणांनीं त्यास दोन गणांत घातलें आहे: दिवादि गणांत त्याचा अर्थ हांव धरणें, तुदादि गणांत मोहून जाणें, भांबावणें. त्यावरून लुब्ध, प्रलोभन, विलोभन. लुब्धक म्हणजे पारधी. आकाशांतील व्याधाच्या ताऱ्यासही तेंच नांव आहे. लोभ हा शब्द नीतिग्रंथांत सांपडला कीं तो निंदेकरितांच आलेला असावयाचा. मराठी भाषेस तो शब्द आणि ती निंदा दोन्ही वारशानें मिळालीं. परंतु मराठी माणसानें त्या शब्दाला घरांत घेतलें आणि त्याचा स्वभाव पालटला. लहान मूल पाहून आपण 'लोभस' म्हणतों, त्यांत निंदा नाहीं. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यांत अग्निपंख पक्ष्यांचे थवे उतरतात, तेव्हां वृत्तपत्रें त्या देखाव्यास 'विलोभनीय' म्हणतात, त्यांतही नाहीं. आणि "आत्याबाईंचा या पोरावर फार लोभ" असें जुन्या बायका म्हणत, तेव्हां आत्याबाई हांवरट आहेत असें कोणाच्या मनांतही येत नसे. 'माया' या शब्दाचीही हीच कथा. वेदान्त्यांनीं जिला भ्रम म्हटलें, ती आपल्याकडे आईची माया झाली. वैराग्यवंतांनीं टाकलेले शब्द उचलून, धुऊनपुसून, संसारांत नांदते करण्याचें काम आमच्या मतें मराठी घरांनीं, विशेषेंकरून घरांतील बायकांनीं, फार चांगलें केलें आहे.

या ठिकाणीं कोणी म्हणेल कीं, मूळ अर्थ प्रेमाचाच होता, तो जर्मन भाषेंत उघड राहिला आणि मराठींत पुन्हां वर आला. आम्हांस हें म्हणणें पटत नाहीं. मध्यें संस्कृताचीं हजारों वर्षें गेलीं, त्यांत लोभ म्हणजे हांव हेंच चाललें होतें. तेव्हां जुना अर्थ कोठें तळाशीं दडून बसला होता असें मानण्यास आधार नाहीं. मूळ धातूंत फक्त मनाची ओढ होती. जर्मन माणसानें तिचें प्रेम केलें, नीतिकारांनीं तिची हांव केली, आणि मराठी माणसानें त्या हांवेचा पुन्हां जिव्हाळा केला. तो पूर्वजांपासून आलेला नाहीं. आपल्याच लोकांनीं वापरून वापरून तयार केलेला आहे. म्हणूनच त्याची आम्हांस काळजी वाटते. कुलपरंपरेनें आलेली वस्तु पेटींत पडून राहिली तरी राहते. वापरानें तयार झालेला अर्थ वापर सुटतांच जातो.

आणि तो कोठें वापरला जात होता? पत्राच्या शेवटीं. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें छापण्यास आरंभ केला व त्याचे बावीस खंड निघाले. त्यांतील पत्रें चाळलीं म्हणजे दिसतें कीं फौजेची हालचाल, कर्जाचा तगादा, किल्ल्याची रसद, असा कितीही कोरडा मजकूर असो, शेवटीं फार लिहिणें नलगे म्हणून लोभाची विनंति यावयाचीच. तलवार उपसलेल्या माणसांनीं एकमेकांकडे लोभ मागितलेला आहे. पुढें छापील पोस्टकार्डें आलीं, मुंबईच्या गिरण्यांतून गांवीं पत्रें येऊं लागलीं, तरी शेवट तोच राहिला: कळावें, लोभ असावा, ही विनंति. वडिलांस लिहितांना कृपा, धाकट्यांस आशीर्वाद, आणि बरोबरीच्या माणसास, ज्याच्यावर आपला हुकूम चालत नाहीं व ज्याचा आपल्यावर चालत नाहीं अशास, लोभ. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें, पाण्याखालीं गेलेल्या गांवांतील घरें नव्या गांवठाणांत व दूरदूरच्या तालुक्यांत विखुरलीं. तेव्हां दूरध्वनि घरोघर नव्हता. सोयरेधायरे एकमेकांस पत्रेंच धाडीत. ज्यांच्या ट्रंकेंत तीं असतील त्यांनीं आपल्या मुलांस तीं एकवार वाचून दाखवावीं, आणि शेवटच्या ओळीपाशीं थांबावें.

आमचें गाऱ्हाणें तें हेंच. हल्लीं शाळांतून पत्रलेखन ई-मेलच्या धर्तीवर शिकविलें जातें, त्याविरुद्ध आमची तक्रार नाहीं. कागद जाऊन पडदा आला म्हणून पत्र पत्रच राहतें. परंतु त्याच्या अखेरीस मुलें सरसकट 'आपला विश्वासू' लिहितात, मग पत्र नगरपालिकेस असो कीं जिवलग मित्रास. 'आपला विश्वासू' ही इंग्रजी शिष्टाचाराची नक्कल आहे. कचेरीच्या अर्जास ती शोभते. मित्रास ती शोभत नाहीं, कारण मित्र आपल्या सचोटीचा दाखला मागत नसतो. आणि समानार्थी शब्दांच्या प्रश्नांत 'लोभ' या शब्दापुढें 'हांव' एवढेंच उत्तर घोकून घेतात. नववींतील एका मुलास आम्ही 'लोभ असावा' याचा अर्थ विचारला, तेव्हां "तुम्ही लोभी असावें" असें त्यानें निरागसपणें सांगितलें. मूल चुकलें असें आम्ही म्हणत नाहीं. त्याला जें शिकविलें त्यावरून त्यानें बरोबर अनुमान केलें.

कांहीं वडीलधारी मंडळी दुसऱ्या बाजूनें बोलतात. लोभ हा रिपु. तो दुसऱ्यापाशीं असावा अशी विनंति करणें म्हणजे त्याच्या आत्म्याचें वाईट चिंतणें नव्हे काय? युक्तिवाद ऐकावयास बरा आहे. पण या वाक्यांत लिहिणारा स्वतःकरितां धन, मान, जमीन कांहींच मागत नाहीं. समोरच्याच्या मनांत आपल्याविषयीं ओढ असावी, आपण दिसलों नाहीं तर त्यास चुकल्यासारखें व्हावें, एवढेंच तो मागतो. तें मागण्यास नम्रता लागते. 'माझें तुझ्यावर प्रेम आहे' असें म्हणणें त्या मानानें सोपें आहे, कारण त्यांत आपण देणारे असतों. येथें आपण याचक होतों. जर्मन 'लीबेन' हें देणाऱ्याचें क्रियापद आहे, तर मराठी पत्रांतला लोभ हा घेणाऱ्याचा शब्द आहे. आमच्या मतें आपला शब्द किंचित् अधिक शहाणा आहे; पण जर्मन शिकणाऱ्या मुलांनीं हें मत परीक्षेंत लिहूं नये.

तिसरी मंडळी म्हणतात कीं, हा नुसता रिवाज, लिहिणाऱ्याच्या मनांत कांहीं नसतें. नसेलही. परंतु रिवाज म्हणून कां होईना, प्रत्येक पत्रागणिक तो अर्थ एकदां उच्चारला जात होता, म्हणून तो जिवंत होता. बोलण्यांतून तो आधींच उठत चालला आहे. पत्रांतूनही उठला म्हणजे 'लोभ' हा शब्द नीतिपाठांतील रिपु तेवढा उरेल, आणि पन्नास वर्षांनीं एखाद्या मुलास आपल्या पणजोबांचें पत्र वाचतांना तें गृहस्थ पैशाकरितां हपापलेले होते असें वाटेल. 'मिन्ने'चें उदाहरण वर दिलेंच आहे.

यावर उपाय मोठा नाहीं. मराठीच्या शिक्षकांनीं समानार्थी शब्दांत 'लोभ' या शब्दापुढें हांवेच्या जोडीला 'जिव्हाळा' हेंही उत्तर मान्य करावें, व घरगुती पत्राचा नमुना शिकवितांना शेवटची ओळ अर्थासह सांगावी. पालकांनीं परगांवीं असलेल्या मुलास निरोप पाठवितांना, मग तो भ्रमणध्वनीवर कां असेना, ती एकदां लिहून पाहावी. मूल विचारील कीं हें काय. तेव्हां सांगतां येईल.

जीं मुलें खरोखर जर्मनीस जातील, त्यांच्याकरितां आणखी एक गोष्ट. तेथें ओळखीच्या माणसास पत्र लिहावयाचें तर आरंभीं 'लीबर' किंवा 'लीबे' असें लिहून मग नांव घालतात, आणि शेवटीं 'मिट फ्रॉइंडलिखेन ग्र्यूसेन', म्हणजे मित्रभावाच्या नमस्कारांसह, असें लिहितात. आरंभास 'लुभ्'चें कूळ, शेवटास 'प्री'चें. आपल्या पत्रांत आरंभीं 'प्रिय' येतें आणि शेवटीं 'लोभ' येतो. तेच दोन धातु, फक्त जागा उलट. तेव्हां स्टुटगार्टहून भिगवणास लिहितांना कोणता शब्द वर आणि कोणता खालीं, याचा घोंटाळा होऊं देऊं नये.